नाकाचं वांगं, पायांचं गाजर

साक्रीच्या भाजीबाजारात ढिगातून एखादं नाक फुटलेलं वांगं निघालं की चार जणी थांबतात. ‘देख व माय, वांगाले नाक फुटनं!’ म्हणत ते हातोहात फिरतं. शेजारच्या टोपलीत मांडीवर मांडी टाकून बसलेलं गाजर असतं. तरणी पोरं त्याच्याकडे बघून खुसखुसतात, म्हातारी मात्र सगळ्यांदेखत मोकळं हसते. हसावंच!

यात चमत्कार काही नाही. उन्हाचा तडाखा वाढला की फुलातल्या पेशींची विभागणी बिघडते, फळाचा जादा कप्पा बाहेर वाढतो आणि वांग्याला नाक येतं. गाजराच्या कोवळ्या मुळाच्या टोकाला खडा लागला की त्याला फाटे फुटतात.

हसून झाल्यावर तेच वांगं बाजूला फेकलं जातं, हे मात्र चूक आहे. युरोपीय समुदायाने 1988 मध्ये काकडीच्या वाकडेपणाचंही माप ठरवलं होतं: वरच्या प्रतीच्या काकडीला दर 10 सेंटिमीटरमागे 10 मिलिमीटर बाक, त्याहून जास्त नाही. 2009 मध्ये तो नियम रद्द झाला. आपल्याकडे कायदा नसूनही गिऱ्हाईक तीच पट्टी लावतं.  पण भरितासाठी वांगं पऱ्हाटीच्या, म्हणजे कपाशीच्या काड्यांवर भाजून, साल काढून ठेचल्यावर नाक उरतं कुठे?

पिकवणाऱ्याने सरळ वांग्याला आणि नाकवाल्याला पाणी सारखंच दिलेलं असतं. पुढच्या बाजारी ते नाकवालं पिशवीत टाका, आणि भाव पाडून मागू नका.