लाल रोप हिरवं का झालं?

मैत्रिणींनो, साडी घेताना आपण काय करतो? दुकानदार कितीही म्हणो, "ताई, हाच रंग आहे," आपण ती उचलून दाराशी उजेडात नेतोच. फिश टँकमधलं रोप घेताना मात्र मी हे विसरले, आणि वर दुकानदाराशी भांडून आले!

लेकीनं वाढदिवसाच्या पैशांतून लाल रोटालाचं रोप आणलं. दुकानात कुंकवासारखं लाल दिसत होतं. घरच्या टँकमध्ये त्याच संध्याकाळी तपकिरी दिसायला लागलं, आणि तीन आठवड्यांत शेंडे चक्क हिरवे झाले. लेक रडवेली. मी तडक दुकानात गेले आणि चार गिऱ्हाइकांदेखत म्हटलं, "रंग लावून विकता काय हो?" बिचारा काही बोलला नाही. माझ्या पिशवीतलं रोप त्यानं आपल्या टँकमध्ये सोडलं. तिथल्या गुलाबी झाकेच्या दिव्याखाली जुनी पानं पुन्हा लाल! शेंडे मात्र हिरवेच.

म्हणजे गोष्टी दोन होत्या. पहिली आपल्या डोळ्यांची. लाल पान लाल प्रकाश परत पाठवतं म्हणून लाल दिसतं. दिव्यातच तो कमी असेल, तर पाठवणार काय? साध्या पांढऱ्या एलईडीत गडद लाल कमीच असतो. दुकानातल्या दिव्यात तो भरपूर होता, एवढंच.

दुसरी गोष्ट रोपाची. पानात हिरवं हरितद्रव्य असतंच. लाल माठ शिजवला की लाल रंग पाण्यात उतरतो आणि खालचा हिरवा वर येतो, हे आपण रोज पाहतो. (माठाचा लाल रंग बीटाच्या जातीचा. रोटालातला अँथोसायनिन, जांभळाच्या सालीत असतो तो.) प्रखर उजेडात पान हा रंग जणू छत्रीसारखा धरतं. आंब्याची कोवळी पालवी तांबूस असते, तीही त्यामुळेच. उजेड मंद असला की छत्री कशाला उघडायची? रोप आपलं हरितद्रव्य वाढवत बसतं. शिवाय माशांच्या घाणीतून पाण्यात नायट्रेट साठतं. त्या खतावर रोटाला फोफावते, पण हिरवी.

हे कळायच्या आधी मी एक चूक केली. उजेड हवा ना, म्हणून दिवा सकाळपासून रात्री अकरापर्यंत चालू ठेवला. आठ दिवसांत काचेवर शेवाळ! हवी ती प्रखरता, जास्त तास नव्हे. सात-आठ तास पुष्कळ झाले. टँक खिडकीच्या थेट उन्हातही ठेवू नका. शेवाळही येतं आणि पाणीही तापतं.

तुमच्याकडे असं झालं तर आधी एक फांदी पांढऱ्या बशीत पाणी घालून दिवसा खिडकीशी धरा. तिथे लाल दिसली तर दोष दिव्याचा. दिवा बदलताना खोक्यावरचा सी.आर.आय. हा आकडा पाहा. नव्वद किंवा जास्त असेल तर रंग बरेचसे खरे दिसतात. खिडकीशीही हिरवीच दिसली, तर रोपाला उजेड कमी पडतोय. वर तरंगणारी पानं काढा, दिव्याची काच पुसा. खाली उजेड कमी पोचतो, म्हणून वरचे शेंडे कापून उजेडातल्या मोकळ्या जागी खोचा. दर आठवड्याला पाव टँक पाणी बदला आणि माशांना खाणं बेतानं घाला. लोहाच्या औषधाची बाटली लगेच आणू नका. नवी पानं पिवळी पडत असतील तरच तिचा विचार करायचा. नुसतं लोह घालून हिरवं रोप लाल होत नाही.

झालेलं हिरवं पान पुन्हा लाल होईल म्हणून वाट पाहू नका, नवे शेंडे पाहा. आमच्याकडे महिन्याभरानं दोन शेंडे गुलाबी आले. तेव्हा लेकीला घेऊन त्या दुकानात गेले. त्या दिवशीही गिऱ्हाइकं होतीच. त्यांच्यादेखतच म्हटलं, "भाऊ, त्या दिवशी माझं चुकलं."