जगाचा शेजारधर्म

अमेरिकेतील एक बँक बुडाली आणि सुरतमधील हिऱ्यांना पैलू पाडणारा कारागीर बेकार झाला. ऐकायला हे विचित्र वाटते. पण २००८ साली असेच घडले.

१५ सप्टेंबर २००८ रोजी न्यूयॉर्कची लेहमन ब्रदर्स ही बँक दिवाळखोरीत गेली. फेडण्याची ऐपत नसलेल्यांना घरांसाठी भरमसाट कर्जे दिली गेली होती. त्या कर्जांच्या व्यवहारात ती बुडाली. लोकांनी खर्चाला हात आखडता घेतला. हिऱ्यावाचून कोणाचे अडत नाही. त्यामुळे त्याची मागणी लगेच घटली. सुरतच्या अनेक कारखान्यांना कुलपे लागली. हजारो कारागीर सौराष्ट्रातील आपापल्या गावी परतले. कित्येकांच्या मुलांची शाळा सुटली. त्या मुलांनी कोणाचे कर्ज बुडवले होते?

अशा वेळी प्रत्येक देशाने आपली दारे लावून घ्यावीत, असे काहीजण म्हणतात. १९३० मध्ये मंदी असताना अमेरिकेने हेच केले. हजारावर अर्थतज्ज्ञांनी विरोध करूनही तिने परदेशी मालावरील जकात वाढवली. इतर देशांनीही तिचीच री ओढली. १९२९ ते १९३३ या काळात जगाचा व्यापार एक तृतीयांशावर आला. जकात हे त्याचे एकमेव कारण नव्हते, पण तिने आगीत तेल ओतले.

शेजारच्या घराला आग लागली की आपण पाण्याची बादली घेऊन धावतो. त्यात शेजाऱ्याविषयी माया असते, तशी आपल्या छपराची काळजीही असते. २००८ च्या नोव्हेंबरमध्ये भारतासह वीस सदस्यांच्या गटाचे नेते वॉशिंग्टनला जमले. वर्षभर व्यापारात नवे अडथळे आणायचे नाहीत, असे त्यांनी ठरवले. सर्वांनी शब्द पाळला असे नाही. तरी १९३० सारखी चढाओढ तेव्हा झाली नाही.

मला मात्र एक गोष्ट खटकते. १९९७ मध्ये थायलंड आणि इंडोनेशिया अडचणीत आले, तेव्हा आंतरराष्ट्रीय नाणेनिधीने कर्ज देताना खर्च कमी करण्याची अट घातली. २००८ मध्ये श्रीमंत देशांवर वेळ आली, तेव्हा त्यांनी सढळ हाताने खर्च केला! नाणेनिधीत मते वर्गणीच्या प्रमाणात मिळतात. मोठ्या निर्णयाला ८५ टक्के मते लागतात आणि एकट्या अमेरिकेकडे १६ टक्क्यांहून अधिक आहेत. भारत, चीन अशा देशांचा वाटा वाढवण्याचा ठराव २०१० मध्ये झाला. अमेरिकेच्या संसदेने त्याला डिसेंबर २०१५ मध्ये संमती दिली. तो अमलात येईपर्यंत २०१६ साल उजाडले.