नळी कापू नका रे बाबांनो

हल्ली आमच्या सिंधुदुर्गात पोरांच्या मोबाईलवर अमेरिकन बंदुकांचे व्हिडिओ फिरतायत. जुनी विंचेस्टर ९४ नाहीतर मार्लिन ३३६ घ्यायची (चापाखालचा दांडा खाली-वर केला की पुढची गोळी नळीत, तीच ती), नळी आखूड करायची, दस्ता घासायचा, लोखंड परत काळं करायचं, की झाली झाडीतल्या शिकारीची रायफल तयार. बघायला झकास. व्हिडिओवर माझा राग नाही. ते बघून घरातली शेतीसंरक्षणाची बंदूक वेल्डरच्या टेबलावर नेऊन ठेवणाऱ्यांवर आहे.

म्हणे झाडीत लांब नळी अडकते. अडकते, मान्य. काजूच्या बागेत, करवंदीच्या जाळीत मीपण फिरतो. पण त्यांची रायफल आणि आपली बंदूक यांत फरक आहे. रायफलीच्या नळीत पिळाच्या खाचा असतात. ती नीट कापून टोक सरळ घडवलं तर गोळीचा वेग थोडा कमी होतो, नेम जात नाही. आपली नळी आतून गुळगुळीत. बारा बोअरला चोक असेल तर तो अगदी टोकाच्या दोन-तीन इंचांत, तिथंच छरे आवळले जातात. तुम्ही नेमकं तेवढंच कापून टाकता. मग छरे सुपात पाखडल्यासारखे पसरतात, डुक्कर जखमी होऊन जाळीत शिरतं, आणि सकाळी त्याच वाटेनं पाणी लावायला माणूस जातो. जखमी डुक्कर काय करतं ते वेगळं सांगायला नको.

ठासणीच्या बंदुकीचं तर आणखी वाईट. जुन्या लोकांनी गजावर खूण केलेली असते. गज आत सोडला आणि खूण तोंडाच्या वर राहिली, म्हणजे बंदूक भरलेली. नळी तीन इंच कापली की ही खूण खोटी ठरते. 

आता कायदा. शस्त्र अधिनियम १९५९, कलम ६: परवान्याशिवाय नळी आखूड करणं गुन्हा. कलम ५: दुरुस्तीसुद्धा परवानाधारकानंच करायची. कलम ८: नंबर पुसायचा नाही, आणि बफिंगच्या चाकाखाली पहिला नंबरच जातो. आपल्याकडे गुळगुळीत नळीच्या बंदुकीला २० इंचांची अट आहे. ज्यांचे व्हिडिओ बघता त्या अमेरिकेतसुद्धा रायफलीला १६ आणि शॉटगनला १८ इंचांची मर्यादा १९३४ च्या कायद्यातून आलेली आहे. हे व्हिडिओत कोण सांगतो? आणि शेतीसंरक्षणाचा परवाना म्हणजे शिकारीचा परवाना नव्हे. डुकरावर बार टाकायला वनखात्याची परवानगी वेगळी लागते.

गंज चढतो हे खरंच आहे. खारी हवा, चार महिने पाऊस, त्यात निवडणूक लागली की बंदूक जमा. २०२४ ला लोकसभेचं मतदान ७ मे ला, म्हणजे काजू-आंब्यात, आणि विधानसभेचं २० नोव्हेंबरला, भातकापणीच्या मागोमाग. ऐन हंगामात राखण नाही, वर परत येते ती तांबूस होऊन. पण म्हणून ग्राइंडर? गंजाचे खड्डे जाईपर्यंत घासलं म्हणजे नळीची भिंत तेवढी पातळ झाली, आत दारू मात्र पूर्वीएवढीच पेटणार. जुन्या दुनळीला तर उकळत्या क्षाराचं काळं पाणी अजिबात देऊ नये, दोन नळ्या जोडणारा डाख त्यात विरघळतो.

करायचंच असेल तर हे करा. काळ्या दारूचा मळ हवेतलं पाणी ओढतो, म्हणून बार टाकला त्याच दिवशी गरम पाण्यानं नळी धुवा, पूर्ण सुकवा, मग तेल. वरचा गंज तेल लावून बारीक स्टील वूलनं, हलक्या हातानं. दस्त्याला चकचकीत पॉलिश नको, ओरखडा पडला की पाणी खाली शिरतं आणि तिथंच राहतं. जवसाचं तेल पातळ चोळा, सुकू द्या, परत चोळा. पट्टा लावून घ्या, झाडीत निम्मी अडचण तिथंच मिटते. रात्री दिसायला माशीवर पांढरा ठिपका द्या. एवढं कस्टमायझेशन पुरे.

आणि जमा करायला नेताना आतून-बाहेरून ग्रीस लावा, नळीवरचा नंबर पावतीवर नीट लिहिलाय का ते तिथंच उभं राहून वाचा.