डास चावला आणि डोळाच मिटला

जुलै महिन्यातली एक सकाळ. दवाखान्याचं शटर नुकतंच वर गेलं होतं, तेवढ्यात कौशाहून एक दादी आपल्या सहा वर्षांच्या नातवाला घेऊन आल्या. मुलाचा उजवा डोळा पूर्ण मिटलेला, पापणी पाणी भरल्यासारखी टम्म फुगलेली, कानाची पाळीही लाल. मुलगा मात्र खुर्चीवर बसून मजेत पाय हलवत होता. ताप नाही, दुखणं नाही, फक्त खाज. हे कुटुंब दुबईहून दोनच दिवसांपूर्वी आलेलं. घरात रात्रीपासून रडारड चालू होती. कोणी म्हणालं नजर लागली, कोणी म्हणालं विंचू चावला असेल. मुलाच्या अम्मीला सगळ्यांचे बोल ऐकावे लागले होते, की पोराकडे लक्ष कुठे होतं.

"डॉक्टर, ह्याच्याच बाजूला ह्याचा चुलतभाऊ झोपला होता. त्याला पण डास चावले. त्याला तर काहीच नाही झालं!" दादींचा हा प्रश्न मला फार महत्त्वाचा वाटला. यंदाच्या लेखाची सुरुवात म्हणून त्याच प्रश्नाकडून करते.

डास चावतो म्हणजे खरं तर डासाची मादी चावते. अंडी घालण्यासाठी तिला रक्त लागतं. सोंड आत घालताना ती आपली थोडी लाळ सोडते, म्हणजे रक्त गोठत नाही आणि तिला ते ओढता येतं. आपल्याला जी गांध उठते, जी खाज सुटते, ती सोंड टोचल्यामुळे नाही. ती या लाळेतल्या प्रथिनांशी आपलं शरीर भांडतं म्हणून. हे भांडण शरीराला शिकावं लागतं आणि सवयीने ते विसरताही येतं.

केनेथ मेलनबी नावाच्या इंग्रज शास्त्रज्ञाने १९४६ साली याचे टप्पे मांडले. ज्याला आयुष्यात डास चावलेलाच नाही, त्याला पहिल्यांदा चावल्यावर काहीच होत नाही. म्हणून तान्ह्या बाळाच्या अंगावर कधी कधी नुसता टिपका दिसतो. पुढे काही वेळा चावल्यावर दुसऱ्या दिवशी खाजरा फोड येऊ लागतो. त्यानंतर चावल्याबरोबर गांध आणि दुसऱ्या दिवशी फोड, असं दोन्ही होतं. हाच सगळ्यात त्रासाचा काळ, आणि आपल्याकडची बहुतेक लहान मुलं याच टप्प्यात असतात. वर्षानुवर्षं चावून घेतल्यावर नुसती गांध उरते आणि शेवटी तीही येईनाशी होते. मुंब्र्यात चाळीस वर्षं काढलेल्या दादींना डास चावल्याचं कळतही नाही ते यामुळे. "आम्हाला कुठे काय होतं" असं त्या म्हणतात ते खरंच असतं. फक्त तो नियम नातवाला लावता येत नाही.

आता दुबईच्या मुलाचं बघा. आखाती देशांतल्या शाळांना सुट्टी जुलै-ऑगस्टमध्ये. आपल्या कोकणी घरांतली मुलं नेमकी तेव्हाच ठाणे, मुंब्रा, कल्याण, भिवंडीत आजोळी येतात. म्हणजे त्यांची सुट्टी आणि आपला डासांचा मोसम एकच. वर्षातले दहा महिने एसीच्या बंद खोलीत गेलेले, शरीराला आपल्या डासांची ओळख अर्धवट, आणि इथे आल्यावर पहिल्याच रात्री वीस ठिकाणी चावे. चुलतभाऊ इथेच वाढलेला, त्याचं शरीर एक-दोन टप्पे पुढे गेलेलं. अम्मीचं लक्ष असण्या-नसण्याचा यात काही संबंध नाही. हे मी दादींना सांगितलं तेव्हा सुनेने मान खाली घातली आणि ओढणीने डोळे पुसले.

काही मुलांना, अगदी इथेच जन्मलेल्या मुलांनाही, ही प्रतिक्रिया नेहमीपेक्षा फार मोठी येते. चावल्यापासून काही तासांतच हात कोपरापर्यंत सुजतो, पाऊल चपलेत जात नाही, ओठ किंवा पापणी फुगते. कधी अंगात कसरही येते. इंग्रजीत याला स्कीटर सिंड्रोम म्हणतात. १९९९ साली कॅनडातल्या डॉक्टरांनी लहान मुलांमधला हा प्रकार तपासून दाखवला की ही लाळेची ॲलर्जी आहे, जंतुसंसर्ग नाही. दिसायला मात्र तो हुबेहूब संसर्गासारखा: लाल, गरम, सुजलेला. इथेच गडबड होते. माझ्याकडे कल्याणहून येणारी एक मुलगी एका पावसाळ्यात चार वेळा अँटिबायोटिकचा कोर्स घेऊन आली होती, दोनदा तर इंजेक्शनं. दर वेळी सूज उतरली, कारण ती आपोआप उतरणारच होती. श्रेय औषधाने घेतलं.

मग ओळखायचं कसं? घड्याळ बघा. ॲलर्जीची सूज तासांत येते. रात्री चावलं आणि सकाळी सुजलं, तर बहुधा ॲलर्जीच. तिला खाज जास्त, दुखणं कमी. पहिल्या दोन-तीन दिवसांत ती वाढते, मग आठ-दहा दिवसांत जाते. संसर्गाला दिवस लागतात. आधी सूज उतरायला लागली होती आणि तिसऱ्या-चौथ्या दिवशी पुन्हा वाढली, खाजेऐवजी ठणका लागला, पू दिसला, चट्ट्यापासून वर लाल रेघ चढू लागली, ताप आला, तर तो संसर्ग समजा. तो होतो खाजवल्यामुळे, नखातल्या घाणीने. तेव्हा अँटिबायोटिक लागतं आणि ते डॉक्टरांनी सांगितलेले सगळे दिवस घ्यायचं.

घरी करायचं ते सोपं आहे. साबण-पाण्याने जागा धुवा. फ्रीजमधला बर्फ रुमालात गुंडाळून दहा मिनिटं धरा, थोडं थांबून पुन्हा धरा. हात-पाय सुजला असेल तर झोपताना उशीवर उंच ठेवा. कॅलामाईन लोशन लावा. मुलाची नखं कापा. जुम्म्याला नखं कापायचा रिवाज आपल्या घरांत आहेच, पावसाळ्यात आठवड्यात दोनदा कापली तर आणखी चांगलं. तान्ह्या बाळाच्या हातात रात्री पातळ मोजे घाला.

खाज फार असेल तर ॲलर्जीची गोळी किंवा सिरप, म्हणजे सेटिरिझिन किंवा लोराटाडिनसारखं औषध, उपयोगी पडतं. डोस वयावर आणि वजनावर ठरतो, तो डॉक्टरांकडून घ्या, शेजारच्या मुलाच्या बाटलीवरून नको. फिनलंडमध्ये डासांचा त्रास फार. तिथल्या डॉक्टरांनी तपासून पाहिलं की ही औषधं चावण्याआधी घेतली तर गांध आणि खाज दोन्ही कमी होतात. म्हणून ज्यांच्या मुलाला दर वर्षी आजोळी आल्यावर सूज येते, त्यांनी निघायच्या आधीच आपल्या डॉक्टरांशी याबद्दल बोलावं. जुन्या पद्धतीच्या गोळ्यांनी, एविलसारख्या, झोप फार येते. शाळेच्या दिवशी त्या नको.

काय करू नये हेही सांगते, कारण ते करून आलेली मुलं मी रोज बघते. चुना लावू नका, कातडी भाजते. टूथपेस्ट, लसूण, न पातळ केलेलं जंतुनाशक, यांनीही आग होते आणि डाग पडतो. दुआ पढून दम करा, जरूर करा. मिरच्या ओवाळून त्यांचा धूर सुजलेल्या डोळ्यावर घेऊ नका.

सगळ्यात वाईट सवय म्हणजे मेडिकलमधून स्वतःहून आणलेलं मलम. यात मुलींचं जास्त नुकसान होतं. डोंबिवलीच्या एका घरातली सोळा वर्षांची मुलगी माझ्याकडे आली ती पायांच्या डागांसाठी. दर पावसाळ्यात डास चावून पोटऱ्यांवर काळे डाग पडायचे. फुफी म्हणाली, पुढे स्थळं बघायची आहेत, आत्तापासून काहीतरी लाव. कोणीतरी एक ट्यूब सांगितली. आठवड्यात खाज गेली, रंग उजळला, सगळे खूश. मुलीने ती दीड वर्ष लावली. आली तेव्हा पोटऱ्यांची कातडी कांद्याच्या पापुद्र्यासारखी पातळ झाली होती, बारीक शिरा दिसत होत्या आणि मांडीपर्यंत नायटा पसरला होता. त्या ट्यूबमध्ये तीन औषधं एकत्र होती: जोरदार स्टिरॉईड, एक अँटिबायोटिक आणि एक नायट्याचं. स्टिरॉईड वाईट नाही. मोठ्या सुजेवर मी स्वतःही देते, पण तीन-चार दिवस, ठरलेल्या जागी, चेहऱ्यावर हलकं. महिनोन्महिने लावलं की ते कातडी खातं आणि नायटा दडवून वाढवतं. केंद्र सरकारने २०१८ साली अशी चौदा स्टिरॉईड मलमं चिठ्ठीशिवाय विकू नयेत असा नियम केला. काउंटरवर तो किती पाळला जातो ते तुम्ही जाणता.

डासाचे काळे डाग मुळात औषधाशिवायच फिके होतात. सहा महिने, कधी वर्ष लागतं. अट एकच, पुन्हा खाजवून जखम करायची नाही. त्या मुलीला बरं व्हायला सात महिने लागले.

आता घराकडे येऊ. आपल्या भागात दोन जातींचे डास त्रास देतात आणि त्यांचे स्वभाव वेगळे आहेत. गटार, नाला, तुंबलेलं सांडपाणी यांतला क्युलेक्स रात्री चावतो. वालधुनीच्या आणि खाडीच्या काठच्या वस्त्यांना तो चांगला ठाऊक आहे. डेंग्यूचा एडिस मात्र स्वच्छ पाण्यात वाढतो आणि दिवसा चावतो, सकाळी आणि मगरीबच्या आधी जास्त. मुंब्रा, दिवा किंवा कल्याणच्या ज्या इमारतींत पाणी दिवसाआड येतं, तिथे प्रत्येक घरात एक-दोन पिंप भरलेली असतातच. पाणी साठवू नका असं सांगणारा माणूस बहुधा चोवीस तास नळ असलेल्या घरात राहतो. आपण साठवणारच. मग झाकायचं तरी नीट. प्लास्टिकचं झाकण अर्धं सरकलेलं असतं. त्याऐवजी जुन्या ओढणीचा तुकडा पिंपाच्या तोंडावर टाकून वर इलॅस्टिक बांधा. आठवड्यातून एकदा पिंप रिकामं करून आतून घासा. नुसतं पाणी ओतून चालत नाही, कारण एडिसची अंडी पाण्याच्या रेषेवर भिंतीला चिकटलेली असतात आणि कोरडी राहूनही महिनोन्महिने जगतात. सांज झाल्यावर मुलांना घरात घ्यावं आणि रात्री भांडी झाकून ठेवावीत ही शिकवण हजरत जाबिर (रजि.) यांच्या रिवायतीने सहीह हदीसमध्ये आली आहे. आपल्या घरांत ती पाण्याच्या हंड्यापुरती राहिली, बाल्कनीतल्या पिंपाला कोणी लावत नाही.

मच्छरदाणी लावा, खिडकीला जाळी लावा. पंखा जोरात ठेवा, डास वाऱ्यात नीट उडू शकत नाही. कपड्यांचं म्हणाल तर अंगाला चिकटलेल्या लेगिंगमधून डास आरामात चावतो. ढिली सलवार बरी. डासांचं क्रीम दोन महिन्यांखालच्या बाळाला लावू नका. मोठ्या मुलांना लावताना हाताच्या तळव्यांवर आणि डोळ्यांभोवती नको. आणि कॉइल बंद खोलीत जाळू नका. २००३ साली छापून आलेल्या एका अभ्यासात दिसलं की एका कॉइलमधून निघणारे बारीक कण ७५ ते १३७ सिगारेटींइतके असतात. लोबान-ऊदाचा वास मलाही आवडतो, पण दम्याच्या मुलाच्या खोलीत तोही नको, आणि डासांवर त्याचा भरवसा धरू नका.

वाट न बघता निघायची वेळ कोणती? चावल्यानंतर श्वास घ्यायला त्रास, घशात आवळल्यासारखं, सगळ्या अंगावर गांधी, उलट्या, चक्कर. डासामुळे असं फार क्वचित होतं, पण झालं तर १०८ ला फोन करा किंवा जवळच्या मोठ्या रुग्णालयात जा, कळव्याचं छत्रपती शिवाजी महाराज रुग्णालय असो की कल्याणचं रुक्मिणीबाई. दर वेळी चावल्यावर मोठा ताप आणि चावल्या जागी फोड येऊन काळी खपली धरत असेल, तर तो वेगळा, दुर्मीळ आजार असू शकतो, त्वचारोगतज्ज्ञांना दाखवा. आणि पावसाळ्यात सुजेशिवाय नुसता जोराचा ताप, अंगदुखी, डोळ्यांमागे दुखणं असेल तर ॲलर्जी विसरा, डेंग्यू-मलेरियाची रक्ततपासणी करा. तोवर फक्त पॅरासिटामॉल. ब्रुफेन किंवा ॲस्पिरिन नको, डेंग्यूत त्याने रक्तस्रावाचा धोका वाढतो.

वाचक बहिणी मला नेहमी दोन गोष्टी विचारतात. रोजा असताना गोळी घेता येत नाही, मग? रोज एकदाच घ्यायची ॲलर्जीची गोळी बहुतेकांना इफ्तारनंतर घेऊन चालते. कातडीवर लावायच्या मलमाने रोजा तुटत नाही. दुसरं, भिंतीवर किंवा नमाजच्या कपड्यावर मारलेल्या डासाचं रक्त लागलं तर? हनफी किताबांत डासाचं रक्त नापाक धरलेलं नाही आणि आपल्या कोकणी घरांत चालणाऱ्या शाफई मजहबात थोडं असेल तर ते माफ आहे. आणखी शंका असेल तर आपल्या मौलानांना विचारा. मी डॉक्टर, माझं क्षेत्र चादर धुण्यापर्यंतच.

तो दुबईचा मुलगा तिसऱ्या दिवशी दोन्ही डोळे उघडे ठेवून आला. यंदा त्याच्या अम्मीने एप्रिलमध्येच फोन करून विचारलं, मच्छरदाणी दुबईहून आणू की मुंब्र्याच्या बाजारात मिळेल? मी म्हटलं, इथेच घ्या, आणि दादींच्या पलंगाचं माप आधी मागवा.