सुरकुत्या न पुसता काढलेले फोटो

कोणाच्या घरी गेले की माझी नजर आधी भिंतीवरच्या फोटोंकडे जाते. परवा एके ठिकाणी आजीबाईंचा हार घातलेला फोटो पाहिला. ऐंशी पावसाळे पाहिलेली बाई, पण कपाळावर एक रेघ नाही. सुनेला विचारले तर म्हणाली, "अहो, हयातीत त्यांनी फोटो काढूच दिला नाही. आता कसले माझे फोटो काढता, म्हणायच्या. शेवटी लग्नाच्या घोळक्यातला चेहरा उचलला, नि फोटोवाल्याने सुरकुत्या पुसून दिल्या." घरातली धाकटी नात मात्र म्हणते, ही आमची आजी नव्हेच!

तेव्हा मला अमेरिकेतल्या ॲन नॉगल या बाईंची आठवण झाली. त्याही फोटो काढीत, पण सुरकुत्या पुसत नसत.

त्यांचा जन्म १९२२ सालचा. पोरवयातच विमान चालवायला शिकल्या. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेने बायकांची वैमानिक तुकडी उभारली होती, तिच्यात त्या होत्या. या बायकांना लढाईवर धाडत नसत; विमाने एका तळावरून दुसऱ्या तळावर पोचवणे, अशी कामे असत. डिसेंबर १९४४ मध्ये तुकडी मोडली. पुढे नॉगलबाईंनी काय करावे? विमानातून पिकांवर औषध फवारले! बाईमाणूस, आणि शेंड्यांना चाटून जाईल इतके खाली विमान न्यायचे. नंतर हवाई दलात कॅप्टन झाल्या. पण फवारणीने फुफ्फुसे नासली होती, त्यापायी ती नोकरी सुटली. (आपल्याकडे तोंडाला फडके न बांधता पंप पाठीवर घेणाऱ्यांनी हे वाक्य पुन्हा वाचावे.)

दुसरी एखादी घरात बसून राहिली असती. या बाई चाळिशीत कॉलेजात गेल्या. १९६६ साली, चव्वेचाळिसाव्या वर्षी पदवी घेतली आणि कॅमेरा हाती धरला. फोटो कोणाचे काढले? आपल्या आईचे, बहिणीचे, उतारवयाच्या बायकांचे, आणि स्वतःचे. गळ्याची लोंबती कातडी, डोळ्यांखालच्या पिशव्या, सगळे जसेच्या तसे. पण त्या बायका केविलवाण्या दिसत नाहीत. नटलेल्या असतात, कधी मिस्किल दिसतात. वय झाले म्हणून नटायची हौस थोडीच मरते?

मला सर्वांत पटला तो १९७५ चा त्यांचा स्वतःचा फोटो. त्रेपन्नाव्या वर्षी बाईंनी चेहऱ्याची कातडी ताणून घेण्याची शस्त्रक्रिया करवली. म्हणजे तरुण दिसावे असे त्यांनाही वाटलेच की! त्या काही साध्वी नव्हत्या. अशी शस्त्रक्रिया झाली की बायका सूज उतरेपर्यंत कोणाला तोंड दाखवत नाहीत. यांनी टाके घातलेला, डोळ्यांभोवती काळानिळा पडलेला चेहरा कॅमेऱ्यापुढे धरला, तोंडात एक फूल दातांनी धरून. तारुण्य विकत घेतले, पण त्याची पावती लपवली नाही.

नंतर त्यांनी आपल्या जुन्या वैमानिक मैत्रिणींना शोधून त्यांचे फोटो काढले. ते पुस्तक १९९० साली निघाले. विशीत विमाने उडवलेल्या त्या बायका आता साठी ओलांडून गेल्या होत्या. सरळ समोर पाहताहेत, लपवाछपवी नाही. रशियातल्या ज्या बायका महायुद्धात लढाऊ विमानांवर होत्या, त्यांच्यावरही त्यांनी १९९४ साली पुस्तक केले. २००५ साली त्या वारल्या.

हे सारे मी आमच्या सासूबाईंना वाचून दाखवले. त्यांचे वय अठ्ठ्याहत्तर. त्याही फोटोचे नाव काढले की पदर तोंडावर ओढतात. निवडायला घेतलेली मेथी बाजूला ठेवून त्यांनी नीट ऐकले. मग विचारले, "टाके सुकल्यावर बरी दिसायला लागली का गं ती?"

मी म्हटले, "थोडे दिवस. पुढे पुन्हा सुरकुत्या आल्याच."

"येणारच," म्हणाल्या, आणि मेथी पुढे ओढली. जरा वेळाने म्हणाल्या, "दिवाळीला धाकटा येईल ना, त्याच्याकडे चांगला फोटो निघतो म्हणतात. तेवढे माझे हिरवे लुगडे वर काढून ठेव."