पासिंग बाहेरचं, माणसं आपलीच

माझ्या एका मैत्रिणीची स्कूटर जोधपूरहून इथं आली ती रेल्वे पार्सलनं. टाकीतलं पेट्रोल काढून, गोणपाटात गुंडाळून. तिचे वडील फौजेत हवालदार. बदली झाली, काळ्या ट्रंकांत घर भरलं गेलं आणि कुटुंब आपल्या छावणीत राहायला आलं. सगळं बदललं, फक्त स्कूटरचं पासिंग आरजेचंच राहिलं. नागसेनवनातल्या कॉलेजात ती रोज त्याच गाडीवर येते आणि चौकात 'बाहेरची गाडी दिसतेय, घ्या बाजूला' हे वाक्य आता तिला पाठ झालंय. वर्गातले चिडवतात ते वेगळंच.

आधी एक गोष्ट स्पष्ट करूया. दुसऱ्या राज्याचा नंबर असणं हा गुन्हा नाही. मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ४७ नुसार दुसऱ्या राज्यातली गाडी इथं बारा महिन्यांपेक्षा जास्त काळ राहणार असेल, तर इथला नवा नंबर घ्यावा लागतो. म्हणजे पहिलं वर्ष हक्काचं आहे. बीडचा एमएच-२३ किंवा जालन्याचा एमएच-२१ घेऊन इथं शिकणाऱ्यांना तर हे कलम लागूच होत नाही, कारण राज्य एकच. मालकाचा पत्ता बदलला तर तेवढा कळवायचा. लायसन्सचं तर त्याहून सोपं. ते कुठल्याही राज्यातून काढलेलं असो, देशभर चालतं.

मग अडतं कुठं? करापाशी. वाहनांवरचा कर हा राज्यांचा विषय. गाडी घेताना जोधपूरला भरलेला कर राजस्थानच्या तिजोरीत गेला. एमएच-२० हवं असेल तर आधी तिकडच्या आरटीओची एनओसी आणायची, कर्ज असेल तर बँकेची संमती घ्यायची, मग इथं अर्ज करून गाडीच्या वयाप्रमाणे पुन्हा कर भरायचा. तिथला उरलेला कर परत हवा तर तिकडे वेगळा अर्ज. आणि दोन-तीन वर्षांनी वडिलांची पुन्हा बदली झाली की हाच खेळ पहिल्यापासून!

यावर केंद्र सरकारनं २०२१ मध्ये तोडगा काढला. १५ सप्टेंबर २०२१ पासून बीएच, म्हणजे भारत मालिका सुरू झाली. नंबरात आधी नोंदणीच्या वर्षाचे दोन आकडे, मग बीएच. सैन्यदलातले लोक, केंद्र आणि राज्य सरकारी कर्मचारी, शिवाय चार किंवा त्याहून जास्त राज्यांत कार्यालयं असलेल्या खासगी कंपन्यांचे कर्मचारी आपल्या खासगी गाडीसाठी हा नंबर घेऊ शकतात. राज्य बदललं तरी नंबर तोच. कर पंधरा वर्षांचा एकदम न भरता दोन-दोन वर्षांचा भरायचा. मात्र मुदत विसरलात तर दिवसाला १०० रुपये जादा. डिसेंबर २०२२ च्या दुरुस्तीनंतर जुन्या गाड्यांनाही बीएचमध्ये जाण्याची वाट मोकळी झाली.

योजना चांगलीच आहे, त्यात वाद नाही. पण तिनं बदली पाहिली, घर पाहिलं नाही. बीएच नंबर मिळतो तो पात्र नोकरदाराच्या स्वतःच्या नावावरच्या गाडीला. आईच्या नावाची स्कूटर त्यात बसत नाही. आणि गाडी वडिलांच्या नावावर असेल, तर मैत्रिणीच्या घरी झालं तसं होतं. वडिलांना फील्ड पोस्टिंग मिळालं. तिथं कुटुंब नेता येत नाही. मुलीची डिग्री पूर्ण व्हायची म्हणून मायलेकी इथंच राहिल्या. स्कूटर चालवणारी इथं आणि कागदांवर सही करणारा माणूस बर्फात, सुट्टी कधी मिळेल ते त्यालाही माहीत नाही. बारा महिने कधी सरतात ते कळतही नाही.

अमेरिकेत सैनिकाची बदली दुसऱ्या राज्यात झाली तरी त्याला मूळ राज्याचा रहिवासी मानून वाहनावरच्या तशा करातून सवलत देणारा कायदा आहे. २००९ मध्ये तिथं ही सवलत सैनिकाच्या जोडीदारापर्यंत नेली. बदली एकाची होते, पण हलतं अख्खं घर, एवढं साधं सत्य त्या कायद्यानं मान्य केलं. आपल्याकडे हे व्हायला काय हरकत आहे? बीएच मालिका सैनिकाच्या पत्नीच्या किंवा पतीच्या नावावरच्या गाडीलाही मिळावी, ही मागणी अवाजवी नाही.

दुसरी मागणी इथल्या इथं होण्यासारखी आहे. आरटीओची शिबिरं तालुक्याच्या गावी होतात. तसंच एक शिबिर बदल्यांच्या हंगामात छावणीत लावावं. एनओसी, नवा नंबर, पत्ताबदल, मुलांचं शिकाऊ लायसन्स, सगळं एका जागी. छावणीत गुरुवारचा बाजार भरतो, वर्षातून एक दिवस कागदांचाही भरू दे की!

पण मागण्या करताना आपलंही ताट स्वच्छ हवं. खासगी गाडीवर 'आर्मी' लिहिलं म्हणून ती लष्करी गाडी होत नाही. लष्कराच्या गाड्यांच्या नंबरात बाण असतो, त्यांची नोंदणी वेगळी असते. बाकी सगळ्यांना नियम सारखेच. हेल्मेट चालवणाऱ्याला आणि मागं बसणाऱ्यालाही लागतं. नाहीतर कायद्यात १००० रुपये दंड आणि तीन महिने लायसन्स निलंबनाची तरतूद आहे. लायसन्स नसलेल्या मित्राच्या हातात 'एक चक्कर मारून ये' म्हणत चावी दिली, तर ५००० रुपयांपर्यंतचा दंड गाडीच्या मालकावर, म्हणजे तिकडे सीमेवर उभ्या असलेल्या बाबांवर येऊ शकतो. अकरावी-बारावीतल्यांनी तर विशेष लक्षात ठेवा. अठराच्या आतल्या मुलानं गुन्हा केला तर पालकाला किंवा मालकाला २५,००० रुपये दंड आणि तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते, गाडीची नोंदणी बारा महिने रद्द होते आणि त्या मुलाला पंचविशीपर्यंत लायसन्स मिळत नाही.

म्हणून आज घरी गेल्यावर एवढं करा. आरसी, विमा, पीयूसी आणि लायसन्स डिजिलॉकर किंवा एमपरिवहनमध्ये आहे का बघा, ते मूळ कागदांइतकंच ग्राह्य आहे. गाडी या राज्यात कोणत्या तारखेला आली ते लिहून ठेवा आणि पार्सलची पावती जपा. दहावा महिना लागला की एनओसीच्या मागं लागा. अर्ज केल्यापासून तीस दिवसांत नकार कळवला नाही, तर एनओसी मिळाली असं कायदाच मानतो, हेही माहीत असू द्या.

मैत्रिणीच्या स्कूटरला परवा दहा महिने झाले. फॉर्म भरून तयार आहे. बाबांच्या सहीसाठी तो टपालानं पाठवलाय. तो परत येईपर्यंत चौकात तिला कुणी विचारलं, 'कुठली गं तू?' तर ती सांगते, 'छावणीची'. नंबरप्लेटला हे उत्तर अजून देता येत नाही. ते देता यावं, एवढंच मागणं आहे.