चर्चने एकटा सोडलेला पाद्री

टेक्सासच्या पूर्व भागातले ग्रँड सॅलीन हे जेमतेम तीन हजार वस्तीचे गाव मिठाच्या खाणीसाठी प्रसिद्ध आहे. याच गावात जन्मलेले चार्ल्स मूर हे मेथडिस्ट चर्चचे निवृत्त पाद्री २३ जून २०१४ रोजी तिथे परत आले. एका दुकानाच्या वाहनतळावर बराच वेळ घालवल्यानंतर त्यांनी स्वतःला पेटवून घेतले. आसपासचे लोक धावले, त्यांनी आग विझवली. पण डॅलसच्या रुग्णालयात मूर यांचा मृत्यू झाला. तेव्हा ते ७९ वर्षांचे होते. मागे ठेवलेल्या पत्रात त्यांनी आपल्या जन्मगावाला वर्णद्वेषाबद्दल पश्चात्ताप करण्याची विनवणी केली होती. आपल्याला जगायला, पत्नी आणि नातवंडांच्या सहवासात राहायला आवडले असते, हेही त्यांनी त्यात लिहिले होते.

ते पत्र वाचताना जीव कासावीस होतो. दहा वर्षांचा चार्ल्स मित्रांबरोबर ओढ्यावर मासे पकडायला निघाला असता एका म्हाताऱ्याने मुलांना पाणी प्यायला घरात बोलावले आणि कृष्णवर्णीयांना मारून त्यांची मुंडकी खांबावर लावल्याच्या गोष्टी खिदळत सांगितल्या. त्या गोष्टींत खरे किती आणि दंतकथा किती, यावर गावात आजही एकमत नाही. पण कृष्णवर्णीयांनी सूर्यास्तानंतर थांबू नये अशी ज्या गावाची ख्याती, तिथे लहान मुलांना पाण्याच्या पेल्याबरोबर हे पाजले जात होते. पुढे टायलरच्या महाविद्यालयात जाताना मूर बस चालवत. बसची देखभाल करणाऱ्या कृष्णवर्णीय मेकॅनिकची त्यांनी एकदा कातडीच्या रंगावरून थट्टा केली. तो संतापला. समोरच्याला काय सोसावे लागते हे आपल्याला त्या संतापातून कळले, असे मूर यांनी लिहिले आहे. १९५४ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने शाळांमधला वर्णभेद बेकायदा ठरवला, तेव्हा ते विद्यार्थिदशेतच एका खेड्यातल्या चर्चचे काम पाहत होते. हा निकाल मला मान्य आहे, एवढेच ते बोलले. त्यावर त्यांच्या वाट्याला शिव्याशाप आले आणि लोकांनी त्यांना झिडकारले.

इथे त्यांच्या चर्चकडे वळून पाहावे लागते. गुलामगिरीच्या प्रश्नावरून फुटलेले उत्तरेचे आणि दक्षिणेचे मेथडिस्ट १९३९ मध्ये एकत्र आले, ते एका अटीवर. कृष्णवर्णीयांच्या चर्चसाठी वेगळा प्रशासकीय विभाग काढण्यात आला. बाकीचे विभाग भूगोलावर आखलेले होते, हा एकच कातडीच्या रंगावर. ही व्यवस्था १९६८ पर्यंत टिकली. म्हणजे तरुण मूर ज्या वेदीवरून सर्व माणसे एका पित्याची लेकरे असल्याचे सांगत होते, त्या वेदीमागच्या संस्थेने घटनेतच लेकरांची वेगळी पंगत मांडली होती. अशा चर्चमध्ये एका निकालाला पाठिंबा देणारा तरुण एकटा पडला नसता तरच नवल.

मूर गप्प बसले नाहीत. फाशीच्या शिक्षेला त्यांनी विरोध केला. समलिंगी व्यक्तींबाबतच्या चर्चच्या धोरणाविरुद्ध १९९५ मध्ये ऑस्टिनला दीर्घ उपोषण केले. नाझी राजवटीला विरोध केल्यामुळे १९४५ मध्ये फासावर गेलेले जर्मन धर्मचिंतक डिट्रिख बोनहोफर हे त्यांचे दैवत होते. तरीही आपण पुरेसे केले नाही, ही टोचणी म्हातारपणी त्यांना सोडीना, आणि त्या टोचणीतून ते वाहनतळापर्यंत पोहोचले.

त्यांच्या श्रद्धेच्या खरेपणाविषयी आम्हाला शंका नाही. त्यांचा मार्ग मात्र आम्हाला मान्य नाही आणि ते स्पष्ट सांगणे हे त्यांच्याविषयीच्या आदरातच बसते. ख्रिस्ती परंपरेतला हुतात्मा मरण शोधत नाही. सत्य सोडायला तो नकार देतो आणि मरण त्याला दुसरे देतात. बोनहोफर १९३९ मध्ये अमेरिकेतली सुरक्षित जागा सोडून जर्मनीत परतले, ते मरायला नव्हे, आपल्या लोकांबरोबर राहायला. २६ वर्षांचे प्रेस्बिटेरियन पाद्री ब्रूस क्लंडर ७ एप्रिल १९६४ रोजी क्लीव्हलंडमध्ये वर्णभेद पक्का करणाऱ्या नव्या शाळेच्या बांधकामावर बुलडोझरच्या मागे आडवे झाले. पुढच्या बाजूला त्यांचे साथीदार होते. चालकाने यंत्र मागे घेतले आणि क्लंडर चिरडले गेले. त्यांनी जिवाचा धोका पत्करला होता, मृत्यू निवडला नव्हता. हा फरक आम्हाला फार मोठा वाटतो.

शिवाय त्या आगीने झाले काय? ग्रँड सॅलीनमधल्या अनेकांनी मूर यांचे डोके फिरले होते असे म्हणून विषय मिटवला. चर्चा एका गोऱ्या वृद्धाच्या मनःस्थितीची झाली. ज्या कृष्णवर्णीयांना त्या गावाने दूर ठेवले, ते चर्चेतून पुन्हा बाहेरच राहिले. मूर यांना नेमके हेच नको होते. गेलेल्या माणसाला प्रश्न विचारता येत नाहीत आणि त्यालाही उत्तर देता येत नाही. गावाला हात झटकणे त्यामुळे सोपे गेले.

याच मेथडिस्ट परंपरेतल्या दुसऱ्या माणसाची आठवण महाराष्ट्राने तरी ठेवायला हवी. कृष्णवर्णीय जेम्स लॉसन कोरियन युद्धात लढायला नकार देऊन तुरुंगात गेले आणि सुटल्यावर १९५३ मध्ये नागपूरच्या हिस्लॉप महाविद्यालयात आले. तिथे त्यांनी विद्यार्थ्यांना खेळ शिकवले आणि स्वतः गांधीजींच्या सत्याग्रहाचा अभ्यास केला. अमेरिकेतल्या मॉन्टगोमेरी शहरात कृष्णवर्णीयांनी पुकारलेल्या बस बहिष्काराची बातमी त्यांनी नागपूरच्याच वर्तमानपत्रात वाचली. १९५६ मध्ये ते मायदेशी परतले आणि मार्टिन ल्यूथर किंग यांच्या आग्रहावरून दक्षिणेत कामाला लागले. नॅशव्हिलच्या एका चर्चमध्ये त्यांनी विद्यार्थ्यांच्या कार्यशाळा घेतल्या. तिथे एक गट गुंडांची भूमिका करी. शिव्या देई, अंगावर थुंके, खुर्चीवरून खाली खेची. दुसऱ्याने हात न उचलता ते सोसण्याचा सराव करायचा. फेब्रुवारी १९६० मध्ये ही मुले दुकानांतल्या उपाहारगृहांत गोऱ्यांसाठी राखलेल्या जागांवर जाऊन बसली. मार खाल्ला, ऐंशीच्या आसपास जण एका दिवसात पकडले गेले, खुद्द लॉसन यांना ते शिकत असलेल्या विद्यापीठाने काढून टाकले. १० मे रोजी नॅशव्हिलच्या दुकानांतल्या या उपाहारगृहांनी कृष्णवर्णीयांना वाढायला सुरुवात केली. लॉसन ९५ वर्षे जगले, २०२४ मध्ये वारले आणि अखेरपर्यंत शिकवत राहिले.

लॉसन यांची श्रद्धा मूर यांच्याहून जास्त ज्वलंत होती असे नाही. पण लॉसन यांना माणसे मिळाली. शेजारी बसून मार खाणारा, तुरुंगातून जामिनावर सोडवणारा, रात्री जेवायला थांबवून घेणारा कोणी तरी होता. कृष्णवर्णीय चर्च त्यांच्या पाठीशी उभे राहिले. मूर यांच्या गोऱ्या चर्चने त्यांना वाळीत टाकले नाही, पण साथही दिली नाही. कोणत्याही एका कारणाने माणूस असा शेवट करतो असे म्हणणे चूक ठरेल. तरी साठ वर्षे एकट्याने बोलत राहण्याचा भार किती असतो, याचा विचार त्यांच्या सहधर्मीयांनी ते जिवंत असताना करायला हवा होता.

तो विचार आपल्यालाही करता येईल. आपल्या मंदिरात, मशिदीत, विहारात, चर्चमध्ये, आपल्या जातीच्या बैठकीत स्वतःच्याच माणसांचा अन्याय बोलून दाखवणारा कोणी असेल, तर त्याचे म्हणणे पूर्ण पटण्याची वाट पाहू नका. आज त्याच्या घरी जा, त्याच्याशी बोला आणि पुढच्या बैठकीत त्याच्या शेजारी बसा.